परड्यातली मेथी

पट्टीवर पुन्हा एकच रेघ आली. तेजस्वीने ती चिमट्यात धरून खिडकीपाशी नेली, तिरकी करून पाहिली, सरळ करून पाहिली. दुसरी रेघ उमटायला हवी होती तिथे नुसता पांढरा कागद.

"परत?" मागून दीपंकर सरांनी विचारलं.

"परत."

पट्टीचा कारभार तसा सोपा होता. भाजीचा पाला चेचायचा, रस गाळायचा, थेंब पट्टीवर सोडायचे. दोन रेघा आल्या तर भाजी स्वच्छ, एकच आली तर भाजीत औषध. मावा नि तुडतुडे मरावेत म्हणून शेतकरी मारतात ते औषध. धुतलं, शिजवलं तरी पानात कुठेतरी मागे राहणारं. बाजारात उभ्या उभ्या कुणालाही ते ओळखता यावं म्हणून बेळगावच्या एका कॉलेजात तेजस्वीने ही पट्टी बनवायला घेतली होती. पहिली पट्टी अगदीच मंद निघाली. औषधाने माखलेला कोबी दिला तरी दोन रेघा दाखवून मोकळी व्हायची. मग तेजस्वी तिची नजर वाढवत गेली, वाढवत गेली, आणि आता ही बया कुणालाच सोडायला तयार नव्हती.

सगळ्यात चीड येत होती ती याची, की ती घरच्या मेथीलाही सोडत नव्हती. पट्टी खरी की खोटी हे ठरवायला आधी एक निखालस स्वच्छ भाजी लागते. ती तेजस्वी सांबऱ्याहून आणायची, घरामागच्या परड्यातून, आईने स्वतः खुडलेली. त्या परड्यावर औषधाचा थेंब पडलेला नाही, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

"निकोटीन बघितलंस काय?" सरांनी मागे एकदा विचारलं होतं. हे औषध म्हणजे तंबाखूतल्या निकोटीनचं चुलत भावंडच, फक्त माणसाने कारखान्यात घडवलेलं. पट्टी दोघांत गफलत करू शकते हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मेथीत कुठलं आलंय निकोटीन, सर?"

सर हसले होते. ते स्वतः निपाणीचे. आईने विड्या वळून त्यांना शिकवलं, आता बेळगावात टिळकवाडीला घर होतं. तंबाखूच्या खळ्यात वाढलेला माणूस, पण त्यांच्याही डोक्यात पुढचं काही आलं नाही. विषय तिथेच राहिला.

आज मात्र ते हसले नाहीत. "कामाला पैसे देणारी समिती या महिन्यात येणार. स्वच्छ भाजीवर दोन रेघा दिसल्या तर काम पुढे चालेल. नाही तर हे टेबल दुसऱ्या कुणाला देतील. मला काही बोलता येणार नाही, तेजस्वी."

बसमध्ये खिडकीशी बसून तिने बाकीच्या पट्ट्या बॅगेत कोंबल्या. कितीदा धुतलेल्या बाटल्या परत धुतल्या होत्या, गाळायचा कागद बदलला होता, स्वतःच्या हाताचा साबणसुद्धा बदलला होता. जे जे बदलता येतं ते सगळं बदलून झालं होतं. विमानतळाला लागून असलेल्या सांबऱ्यात उतरली तेव्हा डोक्यावरून विमान गेलं नि शेजारची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. तेजस्वीलाही कुणाला तरी हिसके द्यावेसे वाटत होते.

ते वाट्याला आले आप्पांच्या. आण्णाप्पा, तिचे वडील, गोव्याला जाणाऱ्या कोबीवर पंप मारून नुकते आले होते. पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे लाल वळ, डोळे तांबडे, तोंडावरचा टॉवेल गळ्यात.

"आप्पा, वारं कुणीकडचं होतं फवारताना?"

"वारं? वाऱ्याला काय इचारून मारतोय व्हय मी?"

"परड्याकडं आलं आसनार. म्हनून माझी पट्टी रोज नापास हुतीया."

"माझ्या पंपामुळं तुझी पट्टी नापास?" आप्पांनी टॉवेल झटकला. "मावा पडलाय कोबीवर, पाऊस काय उघडंना. न्हाय मारलं तर गोव्याची गाडी कोबी उचलणार न्हाय. आनी मारलं तर माझी लेक मला आरोपी करनार. बरं हाय."

भांडण आई मिटवायची ती तिच्या पद्धतीने, म्हणजे काम काढून. रुक्माबाईने जुन्या साड्या काढल्या आणि कोबीच्या बाजूने परड्याच्या कुंपणाला बांधल्या. हिरवी, डाळिंबी, एक विटलेली पिवळी. बांधताना बडबडत होती, "माझ्या परड्यात औषध म्हनं. ह्या परड्यातला पाला खाऊन तू मोठी झालीस, तुझा भाऊ मोठा झाला. आता आरोहीच्या पोटात पन ह्योच पाला जातोय. औषध आसतं तर कळलं नसतं आमाला?"

आरोही म्हणजे भावाची मुलगी. नुकती भात-भाजी मऊ करून खायला लागलेली. ती आजीच्याच हातून खायची. सुविधाने, तिच्या आईने, भरवायला घेतलं की तोंड फिरवायची.

ही आजीची मोठी कमाई होती. कारण उष्टावणापर्यंत सुविधा पोरीला सासूच्या हातून घुटीसुद्धा चाटू देत नव्हती. रुक्माबाईला मिश्रीची सवय. माहेर निपाणीकडचं, लहानपणापासून तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावून बसायचं, हे दिवसातून कितीदा याला हिशेब नव्हता. दोन वर्षांपूर्वी ओठाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, सोडा. रुक्माबाईने मान डोलावली आणि बाहेर येऊन बसस्टँडवरच डबी उघडली. पण उष्टावणाच्या दिवशी सुविधाने धीर करून म्हटलं, "आत्ती, त्या बोटानं पोरीला नका भरवू." रुक्माबाईचा चेहरा पडला. मग सगळ्या बायकांसमोर तिने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मिश्री सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ती राखुंडीने दात घासते, असं ती सांगायची. घरात तिचं कौतुक झालं. चट्टाही गेला असेल असं सगळ्यांनी धरून टाकलं.

साड्या बांधून झाल्या तरी पट्टीवर एकच रेघ. तेजस्वीने विहिरीचं पाणी तपासलं, दोन रेघा. परड्यातली माती पाण्यात कालवून तपासली, दोन रेघा. मग मेथीतच कुठून येतंय? ती माती डब्यात भरत होती तेव्हा रुक्माबाई मागे येऊन उभी राहिली.

"मातीबी घेऊन चाललीस? आता मला बी घाल डब्यात."

"आई, मी तुझ्यावर संशय घेत न्हाय."

"घेतेस. तुझ्या तोंडावर दिसतंय." रुक्माबाईने मेथीची जुडी हातात घेतली, मुळांची माती बोटाने निपटून काढली, पानं नीट सारखी केली आणि लेकीच्या डब्यात ठेवली. "ही घे. माझ्या हातानं निवडून देतोय. ह्याहून स्वच्छ काय आनून देऊ मी तुला?"

त्या जुडीवरही एकच रेघ आली.

मग पितृपंधरवडा लागला आणि रुक्माबाई भावाकडे म्हाळाला निपाणीला गेली. तेजस्वीला सकाळी बस गाठायची होती. आई नाही, सुविधा चुलीपाशी, आप्पा रानात. तिने स्वतःच घाईघाईत मेथी उपटली, डब्यात टाकली. मुळांची मातीसुद्धा तशीच.

कॉलेजात थेंब सोडले. पहिली रेघ आली. मग हळूहळू, अगदी दमून आल्यासारखी, दुसरी.

ती ओरडलीच. सर धावत आले. पुन्हा केलं, दोन. रसाचा दुसरा वाटा घेऊन केलं, दोन. शेजारी गोव्याच्या गाडीला जाणाऱ्या कोबीचा रस ठेवला, एक. दुसऱ्या दिवशी पुन्हा घरून मेथी नेली, पुन्हा दोन.

"साड्या," ती म्हणाली. "साड्यांनी वाचवलं सर. आप्पांचा फवाराच उडत हुता. आधीचा पाला गेला, नवा फुटला, आता स्वच्छ हाय."

तर्क चांगला होता. दोघांनाही पटला. सरांनी फोन लावला आणि समितीला सांगितलं, कॉलेजात नको, थेट शेतात या. जिथे भाजी पिकते तिथेच दाखवतो. ऐकायला फार छान वाटलं ते.

रुक्माबाई निपाणीहून परतली, भावाने दिलेलं गाठोडं घेऊन. चिरमुरे, शेंगा, आणि तळाशी काहीतरी कागदात घट्ट बांधलेलं. लेकीची पट्टी पास झाल्याचं कळल्यावर तिने ओटीवरच आरोहीला कडेवर घेऊन फेर धरला. "बगितलंस आज्जीचं परडं? तुझ्या आत्याला उगंच घोर."

समिती आली ती पांढऱ्या गाडीतून. बंगळुरूच्या एक मॅडम, त्यांच्याबरोबर फाइल धरणारा एक माणूस. अंगणात टेबल मांडलं होतं. गाडी पाहून गल्लीतली चार माणसं गोळा झाली, त्यात मष्णूही. मष्णूला परक्याच्या अंगणात उभं राहायला कधी निमित्त लागलं नाही.

मॅडमना मराठी जेमतेम येत होती. सर कानडीतून समजावत होते. आधी आप्पांचा कोबी झाला. आप्पा स्वतः घेऊन आले आणि मान खाली घालून उभे राहिले. एकच रेघ. मॅडमनी मान हलवली, "आयतु, आयतु." झालं, चांगलं झालं. आप्पा कोबी उचलून गुपचूप बाजूला झाले. स्वतःचा माल सगळ्यांसमोर विषारी ठरवून घ्यायला ते लेकीसाठी उभे राहिले होते, हे त्या घटकेला कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"आता घरची भाजी," सर म्हणाले.

तेजस्वी परड्याकडे वळणार तोच रुक्माबाई पुढे झाली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती, आरोही सुविधाच्या हातात दिली होती. "तू थांब. माझं परडं हाय, मी आनतो." आणि सगळ्यांच्या देखत वाफ्यात वाकून तिने मेथी उपटली. निवांत, एकेक काडी बघून. मुळं बोटाने साफ केली, पानं सारखी केली, जुडी मॅडमच्या पुढे धरली. मॅडमना ते आवडलं. त्यांनी फोटो काढला.

तेजस्वीने पाला चेचला, रस गाळला, थेंब सोडले.

एक रेघ.

सगळे वाट बघत राहिले. वाऱ्याने कुंपणावरची पिवळी साडी फडफडली. दुसरी रेघ आलीच नाही.

"परत करा," मॅडम म्हणाल्या. परत केलं. एकच.

मागून मष्णू हसला. "रुक्माक्का, गोव्याच्या मानसांस्नी घालायचं इख घरच्यास्नी पन घालतीस काय गं?"

हसले दोघे-तिघेच, पण ते अंगणभर ऐकू गेलं. रुक्माबाई जागच्या जागी उभी होती. तिने आरोहीला सुविधाच्या हातून ओढूनच घेतलं आणि छातीशी धरलं. "न्हाय वं," ती मॅडमना म्हणत होती, ज्यांना ते नीट कळत नव्हतं. "माझ्या परड्यात औषध न्हाय. देवाशपथ न्हाय. पोरीला घालतोय मी ही भाजी."

आणि आरोहीच्या पाठीवर थोपटणारा तो हात तेजस्वीला दिसला. उजव्या हाताचं पहिलं बोट. नखाच्या कडेला काळसर रंग, पेरावर तपकिरी डाग. मातीचा रंग तसा नसतो. रोज मेथी निवडून देणारं तेच बोट. आई निपाणीला गेली तेव्हा मेथी आपण स्वतः उपटली, तेव्हाच दोन रेघा आल्या.

साड्या, वारा, विहीर, माती. सगळं तपासलं आणि हे एक बोट तेवढं राहिलं. तिला इतका राग आला की हातातली पट्टी मोडली.

"काही सुचतंय का?" सर तिच्या कानाशी आले. "काही चुकलं असेल तर आत्ताच सांग. मॅडम थांबायच्या नाहीत."

सांगायला एक वाक्य पुरे होतं. भाजी मी खुडते, परत बघा. मग दोन रेघा आल्या असत्या. मग मॅडमनी विचारलं असतं, फरक कशाने? मग अंगणात, मष्णूसमोर, सुविधासमोर तिला आईचं बोट दाखवावं लागलं असतं. आरोही आजीच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. सुविधा पट्टीकडे नाही, सासूकडे बघत होती.

"न्हाय सर," तेजस्वी म्हणाली. "पट्टीतच दोष हाय."

 सरांनी बाटल्या गोळा करायला घेतल्या, आवाज करत. मॅडमनी फाइलवाल्याला काहीतरी सांगितलं. जाताना त्या रुक्माबाईला नमस्कार करून गेल्या. तो नमस्कार रुक्माबाईने घेतला नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा ती न्हाणीपाशी भांडी घासत होती. "मोडून टाक ती पट्टी," लेकीला बघून ती म्हणाली. "खोटारडी मेली. चार मानसांत माझं नाक कापलं."

तेजस्वीने एका वाटीत पाणी आणलं. आईचा उजवा हात धरला, बोट वाटीत बुडवलं, चोळलं. रुक्माबाईने हात ओढला नाही. त्या पाण्याचे थेंब पट्टीवर सोडले आणि पट्टी न्हाणीच्या दगडावर दोघींच्या मध्ये ठेवली.

एक रेघ.

 मग तेजस्वीने विचारलं, "कवापासनं?"

"सोडलीच न्हवती." रुक्माबाई खाली बघत होती. "लावल्याबगर डोस्कंच चालत न्हाय गं. हात थरथरत्यात. मागं जाऊन लावतोय, चूळ भरतोय. कुनाला कळत न्हाय."

"सगळ्या बायकांम्होरं पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास तू, आई."

"डावा ठेवलता," रुक्माबाई म्हणाली.

 तेजस्वीला हसू यायचं ते आलं नाही, रडू यायचं तेही आलं नाही. डावा हात! देवालाही वाटेत गाठून चार गोष्टी पटवून आली असती ही बाई.

"मग तू तवा सांगितलं का न्हाईस त्यांस्नी?" रुक्माबाईने विचारलं.

"कसं सांगू? वैनी उभी हुती तिथं."

रुक्माबाईने पट्टी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि परत दगडावर ठेवली. घासलेलं पातेलं तिने पुन्हा घासायला घेतलं.

सरांना मात्र तेजस्वीने फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे पट्टी बोटावरची तंबाखूसुद्धा पकडतेय. तू तिला इतकी तेज केलीस की ती आता कामाची राहिली नाही. आपल्या भागात कुणाच्या बोटाला तंबाखू नसते? खुडणाऱ्या बाया, हमाल, अडत्या. सगळ्यांची भाजी नापास होणार." पुढे म्हणाले, "तरी हे तिथं सांगायला पाहिजे होतंस. दोष सापडला म्हटलं असतं तर अजून मुदत मागता आली असती. आता त्या बाईंनी निकाल लिहून टाकला." मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझी आई पण लावायची. मलाच आधी सुचायला पाहिजे होतं." तेजस्वीने फोन ठेवला. त्या दिलाशाचा तिला काहीच उपयोग नव्हता.

सकाळी ती उठली ती सवयीने परड्याकडे. टेबल जाणार असलं तरी सामान परत करायला कॉलेजात जायचंच होतं, आणि रिकाम्या हाताने जायला तिला जमत नव्हतं. रुक्माबाई परड्याच्या तोंडाशीच उभी होती, दोन्ही हात पाठीमागे धरून.

"तूच तोड," ती म्हणाली. "मी हात लावत न्हाय आता."

तेजस्वीने वाकून मेथी उपटली. तेवढ्यात वाऱ्याबरोबर घराच्या मागून वास आला. तव्यावर ताज्या भाजलेल्या तंबाखूचा, गरम, नाकात झोंबणारा. तिने वर पाहिलं. आईने नजर चुकवली. तिचा खालचा ओठ फुगलेला होता, आतमध्ये काहीतरी धरलेलं होतं.

म्हणजे परडं सोडलं. मिश्री नाही.

तेजस्वीच्या तोंडात एवढं आलं होतं, की ते बोलली असती तर शेजारपाजारची दारं उघडली असती.  तिने मेथी डब्यात कोंबली आणि ती घरात आली.

सोप्यात सुविधाने आरोहीची वाटी भरून ठेवली होती, नेहमीसारखी सासूच्या पाटापाशी. मेथीची भाजी, मऊ भात, वर तुपाचा ठिपका. रुक्माबाई आत आली आणि पाटावर न बसता भिंतीला टेकून उभी राहिली. हात अजून पाठीमागेच होते.

"सुविधे, तू भरव गं आज. माझं हात मातीचं हायत."

"मग धुवून या की, आत्ती. ती माझ्या हातनं खाईत न्हाय."

"खाईल. सवय लाव."

सुविधाला कळेना. तिने नणंदेकडे बघितलं. तेजस्वी डब्याचं झाकण लावत होती, ते काही केल्या बसत नव्हतं. मग सुविधाने घास केला आणि पोरीच्या तोंडाशी नेला.

आरोहीने तोंड फिरवलं. भिंतीकडे वळून, आजीकडे बघत तिने आपलं आपण तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.